‘३५ हजार क्युसेकने विसर्ग’ म्हणजे धरणातून पाणी गेलं तरी किती?

पावसाळ्यात खडकवासला भरलं की पुणेकरांच्या फोनवर एक मेसेज हमखास येतो. मुठा नदीपात्रात सुरू असलेला विसर्ग अमुक वाजता वाढवून तमुक क्युसेक करण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं. इथपर्यंत ठीक. पण तोच मेसेज चार ग्रुपवरून फिरून येतो तेव्हा त्याला शेपूट फुटलेलं असतं. सकाळी १० हजार, दुपारी २० हजार, रात्री ३५ हजार, ‘म्हणजे आज एकूण ६५ हजार क्युसेक पाणी सोडलं!’

१०, २० आणि ३५ मिळून ६५ होतात हे खरं, पण या बेरजेला काही अर्थ नाही. गाडीचा काटा आधी ४०, मग ६०, मग ८० वर दिसला म्हणून गाडी १८० किलोमीटर गेली असं कुणी म्हणत नाही. क्युसेकचंही तसंच आहे. तो पाण्याचा वेग सांगणारा आकडा आहे.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडलगतच्या एकतानगरी भागात पाणी शिरलं, लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. नंतर वाद झाला तो विसर्ग किती होता, कधी वाढवला आणि लोकांना कधी कळवलं यावरच. हे आकडे वाचता आले नाहीत तर अशा वादात बाजू घेणंही अवघड.

क्युसेक आणि टीएमसी यांचं नातं काय?

१ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, साधारण २८.३ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. टँकरच्या हिशोबात सांगायचं तर १० हजार लिटरचे १०० टँकर, दर सेकंदाला.

टीएमसी मात्र साठ्याचं माप आहे. १ टीएमसी म्हणजे १ अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. वेगाला वेळेने गुणलं की साठा मिळतो. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यामुळे सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग २४ तास टिकला की १ टीएमसी पाणी जातं. ‘साडेअकरा हजार, एक दिवस, एक टीएमसी’ एवढं लक्षात ठेवलं तरी बहुतेक बातम्यांचा हिशोब तोंडी होतो.

तोच आकडा दोन धरणांना लावून पाहा. खडकवासल्याचा साठा जेमतेम १.९७ टीएमसी. वरून काहीच पाणी आलं नाही असं धरलं, तर ३५ हजार क्युसेकने ते साडेपंधरा तासांत रिकामं होईल. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. त्याच वेगाने तिथे जवळपास ३५ दिवस लागतील.

विसर्ग सतत बदलत असेल तर?

खरी गंमत इथे सुरू होते, कारण विसर्ग दिवसभर एकसारखा राहत नाही. समजा एका दिवशी असे आकडे आले (हे हिशोबासाठी घेतलेले आहेत, कुठल्या ठरावीक दिवसाचे नाहीत):

सकाळी ६ वाजता – ५ हजार
सकाळी ९ वाजता – ९ हजार
दुपारी १२ वाजता – १८ हजार
दुपारी ३ वाजता – २७ हजार
संध्याकाळी ६ वाजता – ३५ हजार

बारा तासांत एकूण किती पाणी गेलं? मधल्या वेळेत काय झालं ते माहीत नाही. हातात फक्त पाच आकडे.

आधी कमीत कमी किती गेलं असेल ते काढू. दर तीन तासांच्या टप्प्यात सुरुवातीचाच विसर्ग कायम राहिला असं माना. म्हणजे ५, ९, १८ आणि २७ हजार. बेरीज ५९ हजार. प्रत्येक टप्पा १०,८०० सेकंदांचा, म्हणून गुणाकार येतो सुमारे ०.६४ टीएमसी. इथे बेरीज चालते, कारण प्रत्येक आकड्यासोबत त्याचा वेळही गुणला जातोय. व्हॉट्सअ‍ॅपवाल्या बेरजेत तोच गायब होता.

आता जास्तीत जास्त. प्रत्येक टप्प्यात शेवटचा विसर्ग सुरुवातीपासूनच होता असं माना. ९, १८, २७ आणि ३५ हजार, बेरीज ८९ हजार, पाणी सुमारे ०.९६ टीएमसी. विसर्ग पूर्ण वेळ वाढतच गेला असेल, तर खरं उत्तर या दोन आकड्यांच्या बाहेर जाऊ शकत नाही. अचूक उत्तर न मिळताही चूक किती होऊ शकते हे कळलं. अंदाज आणि अंदाजपंचे यांत हाच फरक.

दोन्ही आकड्यांमधलं अंतर ०.३२ टीएमसी. ते येतं कुठून? शेवटचा विसर्ग वजा पहिला विसर्ग, म्हणजे ३० हजार, गुणिले एका टप्प्याचा वेळ. मधले आकडे या हिशोबात येतच नाहीत. म्हणून आकडे तीन तासांऐवजी तासाला मिळाले, तर अंतर एक तृतीयांश होऊन ०.११ टीएमसीवर येतं. अंतर असंच लहान लहान करत नेलं की दोन्ही बाजूंचे अंदाज एकाच आकड्यावर येऊन टेकतात. बारावीच्या पुस्तकातलं निश्चित संकलन ते हेच. त्याचं ते लांबोळकं चिन्ह लायब्निझने १६७५ मध्ये वापरायला घेतलं. तो लॅटिन ‘सुम्मा’ या शब्दातला ताणलेला ‘एस’ आहे, आणि सुम्मा म्हणजे बेरीज. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर त्या चिन्हाची भीती निम्मी तरी कमी झाली असती.

मग सरासरी काढून मोकळं व्हावं का?

दोन्ही अंदाजांची सरासरी ०.८० टीएमसी येते. आलेखावर विसर्गाचे बिंदू सरळ रेषांनी जोडले तर खाली समलंब चौकोन तयार होतात. त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज म्हणजेच ही सरासरी.

युक्ती फार जुनी आहे. बॅबिलोनच्या ज्योतिर्विदांनी इसवी सनापूर्वी ३५० ते ५० या काळात मातीच्या फलकांवर गुरू ग्रहासाठी हाच हिशोब मांडला होता. फलकांचा हा अर्थ २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गुरूची रोजची चाल ६० दिवसांत १२ कलांवरून साडेनऊ कलांवर येते, तर तो एकूण किती सरकला? सरासरी पावणेअकरा कला, गुणिले ६०, म्हणजे ६४५ कला, अर्थात १० अंश ४५ कला.

पण खडकवासल्याला ही सरासरी डोळे झाकून लावली तर चूक होईल. धरणाचे दरवाजे ठरावीक वेळी उचलतात आणि पुढचा आदेश येईपर्यंत साधारण तिथेच ठेवतात. ‘९ वाजता ९ हजार’ हा आकडा दरवाजा उचलल्याचा असेल, तर १२ वाजेपर्यंत विसर्ग ९ हजारच्या आसपासच असणार. आलेख रेषेसारखा चढत नाही, पायऱ्यांसारखा चढतो. मग प्रत्येक टप्प्याचा सुरुवातीचा आकडा धरून केलेला हिशोबच बरोबर, म्हणजे ०.६४ टीएमसी. सरासरी काढणाऱ्याने सुमारे ०.१६ टीएमसी पाणी कागदावरच जास्तीचं सोडलं, खडकवासल्याच्या साठ्याचा जवळपास बारावा हिस्सा.

तेच आकडे नदीवरच्या मोजमापाचे असतील तर उलट. नदीचा प्रवाह हळूहळू चढतो-उतरतो, तिथे समलंब चौकोनच बरे. थोडक्यात, आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय सूत्र निवडता येत नाही. पाठ्यपुस्तकातल्या गणितांत ही माहिती फारच क्वचित असते.

पाणी सोडूनही साठा वाढतो, तो कसा?

धरणाच्या साठ्यातला बदल म्हणजे आलेलं पाणी वजा गेलेलं पाणी. येणाऱ्या पाण्याला जलसंपदाची मंडळी ‘येवा’ म्हणतात. चारी बाजूंच्या ओढ्यांतून येणारं पाणी मोजायला तोटी नसते, म्हणून येवा बऱ्याचदा उलट्या वाटेने काढतात. पाणीपातळीवरून साठा किती वाढला ते बघायचं आणि सोडलेलं पाणी त्यात मिळवायचं. कोयनेचे सहाही वक्र दरवाजे बंद असताना साठा २४ तासांत ४ टीएमसीने वाढला, तर येवा सरासरी ४६ हजार क्युसेकच्या वर होता. पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सुरू असेल, तर त्याचे दिवसाचे ०.१८ टीएमसी आणखी मिळवायचे.

या ‘सरासरी’मध्ये एक धोका दडलेला असतो. पहाटे दोन तास येवा लाखाच्या घरात गेला आणि बाकी दिवस सरासरीपेक्षा थोडा कमी होता, तरी सरासरी तीच दिसेल. विसर्गाच्या दोन नोंदींमध्येही असंच घडू शकतं. ३ वाजता २७ हजार, ६ वाजता ३५ हजार, आणि मध्ये तासभर ४५ हजार होऊन गेलं असेल तर वरचा ‘जास्तीत जास्त’चा आकडाही खात्रीचा राहत नाही. तो हिशोब विसर्ग फक्त वाढत होता या अटीवर उभा होता.

पुण्याला वेग, सोलापूरला बेरीज

मुठेचं पाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत जातं. त्याच पाण्याबद्दल दोन शहरांना दोन वेगळे प्रश्न पडतात. भिडे पूल बुडेल का, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरेल का, हे त्या घडीच्या विसर्गावर ठरतं. पुणेकराला शिखराचा आकडा आणि त्याची वेळ हवी. दिवसभरात किती टीएमसी गेलं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही.

सोलापूरकराला टीएमसी हवेत. उन्हाळ्यात उजनीची टक्केवारी उणे झालेली त्याने पाहिलेली असते, म्हणून पावसाळ्यात तो दौंडच्या विसर्गावर डोळा ठेवून असतो. दौंडला संध्याकाळी ६ वाजता ४० हजार आणि सकाळी ६ वाजता ६० हजार क्युसेक असेल, तर मधली सरासरी ५० हजार, गुणिले ४३,२०० सेकंद, म्हणजे २.१६ टीएमसी. उजनीचा उपयुक्त साठा सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी, म्हणजे एका रात्रीत ४ टक्के. सकाळी टक्केवारी प्रत्यक्षात ५ ने वाढलेली दिसली, तर रात्री दौंडला प्रवाह ६० हजारांच्या वर जाऊन उतरला असेल किंवा धरणाच्या आसपासच जोराचा पाऊस झाला असेल. नेमकं काय झालं ते रात्री १२ आणि पहाटे ३ च्या नोंदी पाहून कळेल.