‘म्हणाला’च्या पुढचा काळ

मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं आणि सातारा-सांगलीच्या पक्षकारांची मुंबईवारी थांबली. आंदोलन कोणी पेटवलं, श्रेय कोणाचं, यावर रकानेच्या रकाने भरून झाले. एक कंटाळवाणं काम मात्र बातम्यांतून निसटलं. तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. उच्च न्यायालयाचं कामकाज राज्यघटनेच्या ३४८व्या कलमानुसार इंग्रजीत चालतं. ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) साक्षीदाराचा मराठी जबाब कोल्हापुरात वाचला जायचा, तर कोणीतरी बसून तो इंग्रजीत करावा लागतो.

कायद्याच्या जड शब्दांना कोश आहेत. ‘तो मला म्हणाला’ या तीन शब्दांनंतर जे येतं, त्याला कोश नाही.

समजा, जबाबात आहे: ‘तो मला म्हणाला, उद्या पैसे देतो.’ इंग्रजीत हे होतं, ‘ही टोल्ड मी दॅट ही वुड पे द मनी द नेक्स्ट डे.’ मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की इंग्रजी त्याच्यामागच्या गौण वाक्यालाही एक पायरी मागे ओढते. ‘विल’चं ‘वुड’ होतं, ‘इज’चं ‘वॉज’, ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’. ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने १९२४च्या ‘फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये या मागे सरकण्याची चर्चा केली आहे. मराठीला हे ओढणं ठाऊकच नाही. माणूस बोलला तेव्हा त्याचं घड्याळ जे दाखवत होतं, तेच मराठी वाक्यात राहतं. इंग्रजी ते घड्याळ काढून सांगणाऱ्याच्या मनगटावर बांधते.

यात हरवतं काय? बरंच. उसने पैसे परत मागायला गेलेल्या कोणालाही ‘देतो’, ‘देईन’ आणि ‘देणार आहे’ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. ‘देतो’ म्हणजे कबुली, ‘देईन’ म्हणजे बघू, ‘देणार आहे’ म्हणजे ठरलंय. भाषांतरात तिन्हींचं बहुधा एकच ‘वुड’ होतं, आणि वचन दिलं होतं की नुसती आशा लावली होती, हा वादाचा मुद्दाच कागदावरून उडतो. दुसरं उदाहरण आजारपणाचं. ‘मी आजारी आहे’ आणि ‘मी आजारी होतो’ ही मराठीत दोन वेगळी विधानं. इंग्रजीत पहिल्याचं ‘ही सेड ही वॉज इल’ होतं. दुसऱ्याचं नियमाने ‘हॅड बीन’ व्हायला हवं, पण बोलण्यात आणि घाईच्या लिहिण्यात तिथेही ‘वॉज’च पडतं. मग तो सांगताना आजारी होता की त्याआधी, हे वाचणाऱ्याने ताडायचं.

मराठी वृत्तपत्रांनी यावर आपली वाट कधीच काढली आहे. ‘आपण निवडणूक लढवणार नाही, असे त्यांनी सांगितले.’ इथे ‘मी’चं ‘आपण’ झालं, भविष्यकाळ जागच्या जागी राहिला. इतकं नेटकं वाक्य रोज छापून येतं आणि शाळेत त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

सांगलीकरांना याचा अभिमान वाटावा असं एक संशोधन आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली सांगलीजवळच्या एका गावावर निबंध प्रसिद्ध केला. ‘कुपवार’ या नावाने ते गाव जगभरच्या भाषाशास्त्र विभागांत पोचलं. साधारण ३,००० वस्तीच्या त्या गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा शेकडो वर्षं शेजारी नांदत होत्या. घरात आपापली भाषा, बाहेर व्यवहाराला मुख्यतः मराठी. शब्द वेगळे राहिले, वाक्यांची घडण मात्र इतकी एक झाली होती की एका भाषेतलं वाक्य दुसरीत न्यायला शब्दाजागी शब्द ठेवला की भागत होतं.

या पट्ट्यात आजही कान दिला तर ते ऐकू येतं. मराठी माणूस म्हणतो, ‘उद्या येतो म्हणून सांगितलं.’ कन्नड बोलणारा म्हणतो, ‘नाळे बरतीनि अंत हेळिदा.’ दखनी बोलणारा म्हणतो, ‘कल आता बोलके बोल्या.’ आधी बोललेलं जसंच्या तसं, मग ‘म्हणून’, ‘अंत’ किंवा ‘बोलके’, शेवटी सांगितल्याचं क्रियापद. तिन्हींत काळ हलत नाही. जत तालुक्यातलं जे पोर घरी कन्नड आणि गल्लीत मराठी सहज बोलतं, ते दहावीच्या इंग्रजीत ‘इनडायरेक्ट स्पीच’ला अडखळलं, तर त्याला भाषेत कच्चं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. पण या धड्याची शिकवण्याची रीत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आणि नंतर रेन-मार्टिनने पक्की केली, ती हलायला तयार नाही. कराडच्या क्लासात जा की साताऱ्यातल्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, तोच मंत्र: रिपोर्टिंग व्हर्ब पास्टमध्ये असेल तर सगळं एक घर मागे. शेजारी तक्ता. ‘नाऊ’चं ‘देन’, ‘हिअर’चं ‘देअर’. मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात आणि प्रत्यक्ष बोलताना ‘ही सेड दॅट आय अॅम कमिंग’ म्हणून मोकळी होतात. म्हणजे नेमकं मराठी वाक्य. फक्त इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मी, म्हणजे सांगणाराच, येतोय’ असा होतो!

शिवाय तक्ता अर्धवट आहे. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ हा अपवाद सगळ्यांना पाठ असतो, कारण तो परीक्षेत येतो. पण चालू गोष्टीबद्दलही इंग्रज सर्रास काळ तसाच ठेवतो. काल भेटलेला मित्र आजही साताऱ्यातच असेल, तर ‘ही सेड ही लिव्ह्ज इन सातारा’ बिनचूक आहे. गोष्ट अजून खरी आहे का, आणि सांगणारा तिची जबाबदारी घेतो का, हे पाहून काळ निवडला जातो. हे तक्त्यात बसत नाही म्हणून शिकवलं जात नाही. येस्पर्सनच्या पुस्तकाला शंभर वर्षं झाली. वर्गातल्या फळ्यापर्यंत तो आलेला नाही.

न्यायालयांना धोका ठाऊक आहे. मृत्युपूर्व जबाब शक्यतो मरणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांत आणि प्रश्नोत्तरांच्या रूपात घ्यावा, ही काळजी त्याचसाठी. तसा जबाब घेतला की ‘म्हणाला की’चा प्रश्नच उद्भवत नाही. बाकीची साक्ष मात्र बहुधा कथनाच्या ओघात उतरते.

वाटणीच्या दाव्यांत तर हे फारच महागात पडू शकतं. ‘शेत धाकट्याच्या नावावर करतो, असं वडील म्हणाले’ याचं घाईतलं इंग्रजी ‘फादर सेड दॅट ही वॉज ट्रान्सफरिंग द लँड’ असं होतं. वडील बोलले तेव्हा सातबाऱ्याचं काम सुरू झालं होतं, की ते फक्त मनातलं बोलत होते? मराठीतला ‘करतो’ इराद्याकडे झुकतो. ‘वॉज ट्रान्सफरिंग’ दोन्हीकडे वळवता येतं, आणि समोरचा वकील ते वळवणारच. निदान अशा वाक्यांपुरतं मूळ मराठी देवनागरीत भाषांतराच्या शेजारीच छापायला एक ओळ पुरते.