नावांची फोड आणि जोड

बेळगाव आणि निपाणीचा मुलूख १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्याला दोन पिढ्यांहून अधिक काळ लोटला असला, तरी तेथील मराठी कुटुंबांच्या कागदपत्रांत दोन लिप्या आणि नाव लिहिण्याच्या दोन रीती आजही शेजारी शेजारी नांदतात. निपाणीचा विद्यार्थी अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात जातो, तेव्हा तो राज्याची हद्द ओलांडून कोल्हापूर जिल्ह्यात शिरलेला असतो. आणि महाराष्ट्रातील याद्यांत आडनाव आधी लिहिण्याचा शिरस्ता असल्याने, ज्याच्या दाखल्यावर स्वतःचे नाव आधी आणि उरलेले नुसत्या आद्याक्षरांत आहे, त्याचे नाव तेथे उलटून मांडावे लागते. पाटील, देसाई, कुलकर्णी ही आडनावे मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत रूढ असल्यामुळे, आडनाव पाहून रीत ओळखावी म्हटले तर तेही साधत नाही. या तफावतीची झळ सर्वांत अधिक लागते ती निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांना; कारण विवाहानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही पालटतात, आणि ओळखपत्र व बँकेचे खाते यांवरील नावे जुळली नाहीत, तर हक्काची रक्कम कचेरीत अडकून पडते.

हल्ली अशा याद्या संगणकावर, एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये ठेवतात, आणि नावांची फोड करण्याचे काम सूत्रांवर सोपवता येते. (सूत्रांची नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहावयाची असतात.) मूळ तत्त्व एवढेच की, दोन शब्दांमधील मोकळी जागा ही त्यांची सरहद्द होय: ‘फाइंड’ ती जागा कितव्या स्थानी आहे हे सांगते, ‘लेफ्ट’ तिच्या अलीकडचा मजकूर उचलते, ‘मिड’ मधला. तत्पूर्वी ‘ट्रिम’ने फाजील मोकळ्या जागा काढून टाकणे अगत्याचे आहे. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत ‘टेक्स्टस्प्लिट’ हे एकच सूत्र सगळी फोड करते.

खरी अडचण येते ती संक्षेप करताना, आणि ती आपल्या लिपीच्या रचनेतून उद्भवते. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात एके काळी अध्यापन केलेल्या पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा संक्षेप सारा महाराष्ट्र ‘पु. ल.’ असा करतो. परंतु ‘लेफ्ट’ला पहिले एक चिन्ह मागितले, तर ते ‘पु’ न देता ‘प’ देते, कारण संगणकाच्या हिशेबी व्यंजन आणि उकार ही दोन स्वतंत्र चिन्हे आहेत. बरे, दोन चिन्हे मागावीत, तर ‘पु’ साधतो, पण ‘लक्ष्मण’चे ‘लक’ होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘श्री’मध्ये अशी चार चिन्हे आहेत, आणि इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकरांच्या ‘त्र्यं’मध्ये सहा. तेव्हा ठरावीक संख्येचा आग्रह येथे निरुपयोगी ठरतो. अक्षर कोठे संपते याचा नियमच सांगावा लागतो. व्यंजनामागून हलन्ताचे चिन्ह येत असेल तोवर पुढचे व्यंजनही त्याच अक्षरात धरावे, नंतर काना, मात्रा, वेलांटी, उकार, ऋकार यांपैकी जे असेल ते घ्यावे, आणि अनुस्वार वा विसर्ग असल्यास तोही सोडू नये. नाव स्वराने आरंभ होत असेल, तर तो स्वर घ्यावा. हा नियम नमुन्याच्या रूपाने ‘रेजेक्सएक्स्ट्रॅक्ट’ या सूत्राला देता येतो, आणि मग ‘श्री. कृ.’, ‘त्र्यं. शं.’ हे संक्षेप यथास्थित उतरतात. कन्नड लिपीतील चिन्हांची मांडणीही याच धर्तीची असल्यामुळे, सीमाभागातील कारकुनाला हाच नियम त्या लिपीची चिन्हे घालून वापरता येईल.

जोडणे त्या मानाने सुलभ आहे. ‘टेक्स्टजॉइन’ रिकामे रकाने वगळून उरलेले भाग जोडते, त्यामुळे मधले नाव नसलेल्या इसमाच्या नावात दुहेरी जागा राहत नाही. म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे असे की, शाळेने, सहकारी पतसंस्थेने किंवा कामगार संघटनेने नवी यादी करताना स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव यांचे तीन रकाने प्रथमपासून वेगळे ठेवावेत, विवाहापूर्वीच्या नावासाठी आणखी एक राखावा, आणि मूळ दाखल्यावरील नाव जसेच्या तसे एका रकान्यात अबाधित असू द्यावे. कारण पूर्ण नावापासून आद्याक्षरे केव्हाही काढता येतात, परंतु एकदा ‘एस. बी.’ एवढेच शिल्लक राहिले, की त्यामागचे वडील कोण, हे कोणतेही सूत्र सांगू शकत नाही.