वाटून घेतलेले आकाश

पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ, दुपारी दीड. घड्याळ त्या त्या गावच्या सूर्याचे धरायचे. या तीन वेळांच्या आगेमागे हवामानाचे उपग्रह आपल्या मुलखावरून जातात. पहाटेचा चीनचा, सकाळचा युरोपचा, दुपारचा अमेरिकेचा. बारा तासांनी, पृथ्वीच्या अंधाऱ्या बाजूकडून, तेच पुन्हा येतात. म्हणजे दर चार तासांनी कोणीतरी आपल्या डोक्यावरच्या हवेची तपासणी करून जातो. रत्नागिरीच्या मच्छीमाराला समुद्रात न जाण्याचा इशारा मिळतो, विदर्भातल्या शेतकऱ्याला चार दिवसांनी येणाऱ्या पावसाची सूचना मिळते, त्यामागे हे वेळापत्रक असते. ज्या देशांचे एकमेकांशी धड पटत नाही, त्यांनी ते मिळून सांभाळले आहे. आपल्या काळातल्या मोठ्या सार्वजनिक कामांत मी याची गणना करतो, आणि त्याची माहिती सामान्य वाचकाला फार कमी आहे याची मला खंत वाटते.

दूरचित्रवाणीवर ढगांची जी सरकती चित्रे दिसतात ती वेगळ्या उपग्रहांची. आपले इन्सॅट-3डीआर आणि इन्सॅट-3डीएस विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याच्या गतीनेच फिरतात. त्यामुळे ते एकाच जागी खिळल्यासारखे वाटतात आणि भारताकडे अखंड पाहू शकतात. चक्रीवादळ कुठे सरकले हे पाहायला त्यांच्यासारखे साधन नाही. पण ते फार लांब आहेत, आणि त्यांना मुख्यतः ढगांचा माथा दिसतो. ढगाच्या पोटात काय चालले आहे, दहा किलोमीटरवर हवा किती थंड आहे, पाच किलोमीटरवर बाष्प किती आहे, हे कळायला जवळ जावे लागते.

ध्रुवीय उपग्रह जवळून जातात. उंची साधारण 830 किलोमीटर, एका फेरीला सुमारे 101 मिनिटे, दिवसाला चौदा फेऱ्या. उपग्रह उत्तर-दक्षिण फिरतो आणि खाली पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे वळत राहते. फिरत्या रिळावर दोरा गुंडाळला जावा तशी त्याची वाट सगळ्या पृथ्वीवर पडत जाते. त्याची कक्षा नेमकी ध्रुवांवरून जात नाही, ती जरा कललेली असते. विषुववृत्ताशी तिचा कोन सुमारे 98.7 अंशांचा. हा कल मुद्दाम ठेवलेला आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे आणि त्या फुगवट्याच्या ओढीने कक्षेची पातळी हळूहळू वळते. कोन बरोबर साधला, तर ती दिवसाला जवळजवळ एक अंश, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती जेवढी पुढे सरकते तेवढीच वळते. परिणामी उपग्रह रोज त्याच सूर्यवेळेला येतो. इंधन न जाळता, केवळ पृथ्वीच्या बेडौलपणाचा उपयोग करून हे साधले जाते.

वरून तो मोजतो काय? हवेतला प्राणवायू 50 ते 60 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अतिशय क्षीण सूक्ष्मलहरी सोडत असतो. हवा जितकी उबदार, तितक्या त्या जोरदार. काही कंप्रतांच्या लहरी उंचावरून येतात, काहींच्या जमिनीजवळून. त्या वेगवेगळ्या मोजल्या की तापमानाचा उभा छेद हाती येतो. बाष्पासाठी 183 गिगाहर्ट्झच्या आसपास असेच ऐकायचे. या लहरी बऱ्याचशा ढगांतून आरपार येतात, आणि आपल्या पावसाळ्यात हीच गोष्ट मोलाची ठरते. 36 हजार किलोमीटरवरून एवढे बारीक ऐकायचे तर प्रचंड अँटेना लागेल. म्हणून हे काम खालून जाणाऱ्यांकडे आले.

या सहकार्याची सुरुवात शीतयुद्धाच्या ऐन भरात झाली. 1 एप्रिल 1960 रोजी अमेरिकेने टायरॉस-1 सोडला. तो जेमतेम 78 दिवस चालला, पण ढगांचे नकाशे आकाशातून काढता येतात हे त्याने दाखवले. सप्टेंबर 1961 मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहून महिना-दीड महिना झाला असताना, अध्यक्ष केनेडी यांनी संयुक्त राष्ट्रांत हवामानाच्या अंदाजासाठी सर्व देशांनी एकत्र यावे असे सुचवले, आणि डिसेंबरात आमसभेने तसा ठराव केला. पुढचा आराखडा जागतिक हवामान संघटनेसाठी दोघांनी लिहिला: अमेरिकेचे हॅरी वेक्सलर आणि सोव्हिएत संघाचे व्हिक्टर बुगाएव. त्यातूनच 1963 मध्ये जागतिक हवामान निरीक्षण योजना उभी राहिली.

त्याच वर्षी मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे हवामान केंद्र सुरू झाले. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज आणि वेधशाळेचे पी. आर. पिशारोटी ही त्यातली प्रमुख माणसे. आयबीएम 1620 हा संगणक तिथे आला आणि मोहिमेच्या काळात उपग्रहाची चित्रे थेट घेणारे यंत्रही बसले. पिशारोटी पुढे भारतीय दूरसंवेदनाचे जनक म्हणून ओळखले गेले, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालकही तेच. मोसमी वाऱ्याचे कोडे एकट्या देशाला सुटणार नाही, ही जाण तेव्हाच कुलाब्यात होती.

आजचे वेळापत्रक मात्र बरेच नंतरचे. अमेरिकेची नोआ ही संस्था अनेक वर्षे सकाळ आणि दुपार अशा दोन्ही वेळा एकटी सांभाळत होती. खर्च मोठा होता. 1986 साली स्थापन झालेल्या युमेटसॅट या युरोपीय संस्थेशी तिने 1998 मध्ये करार केला: सकाळ युरोपने घ्यायची, दुपार अमेरिकेने. आणि नुसती वेळ वाटून ते थांबले नाहीत, उपकरणेही वाटून घेतली. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवर अमेरिकेची तापमापक यंत्रे बसली. अमेरिकेच्या नोआ-18 आणि नोआ-19 वर युरोपचा बाष्पमापक बसला. दोन्हीकडे सारखीच यंत्रे असल्यामुळे सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. पहिला मेटॉप ऑक्टोबर 2006 मध्ये कझाकस्तानातल्या बैकानूरहून रशियाच्या सोयूझ रॉकेटवर गेला. त्यावरच्या आयासी या फ्रेंच वर्णपटमापकात 8461 वाहिन्या होत्या.

नोआ-19 ची गोष्ट सांगायलाच हवी. 6 सप्टेंबर 2003 रोजी कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात हा उपग्रह आडवा करताना गाडीवरून थेट जमिनीवर कोसळला. ज्या पट्टीवर तो बसवला होता तिचे 24 बोल्ट आधीच कोणीतरी काढून नेले होते, आणि ते जागेवर आहेत का हे कोणी पाहिले नव्हते. दुरुस्तीला वर्षे लागली. फेब्रुवारी 2009 मध्ये तो अखेर उडाला आणि ऑगस्ट 2025 पर्यंत काम करत राहिला. जमिनीवर पडलेल्या यंत्राने सोळा वर्षे जगाला आकडे पुरवले, याचे श्रेय ते पुन्हा उभे करणाऱ्या तंत्रज्ञांना आहे.

आकडे खाली उतरवण्यातही भागीदारी आहे. ध्रुवीय उपग्रह दर फेरीला ध्रुवाजवळून जातो, म्हणून केंद्र तिथेच हवे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, 78 अंश उत्तरेला, चौदाही फेऱ्या पकडणारे केंद्र आहे. तिथून मुख्य भूमीकडे जाणारी समुद्राखालची केबल अमेरिकेच्या पैशाच्या मदतीने 2004 पासून चालते. दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावर, अमेरिका युरोपच्या मेटॉपचे आकडे उतरवून घेते. त्यामुळे उपग्रहाला अर्धी पृथ्वी पार करेपर्यंत थांबावे लागत नाही आणि पाऊण तासाहून अधिक वेळ वाचतो. अंदाजाच्या गणितात शिळ्या आकड्याला किंमत नसते. आपले हवामान खातेही दिल्ली, चेन्नई आणि गुवाहाटी येथे या परदेशी उपग्रहांचे संकेत डोक्यावरून जाताना थेट पकडते.

या सगळ्याचा उपयोग किती, याची एक कसोटी झाली आहे. 29 ऑक्टोबर 2012 रोजी सँडी हे वादळ अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यावर आदळले. अटलांटिकमधली बहुतेक वादळे उत्तरेला जाऊन पूर्वेकडे वळतात. सँडी उलट पश्चिमेला, दाट वस्तीच्या किनाऱ्याकडे वळले. इंग्लंडमधल्या रीडिंगच्या युरोपीय हवामान केंद्राने हे वळण काही दिवस आधी सांगितले होते. नंतर त्याच केंद्राने ध्रुवीय उपग्रहांचे आकडे वगळून तेच गणित पुन्हा केले. आता चार-पाच दिवस आधीच्या अंदाजात वादळ किनाऱ्यावर येतच नव्हते, समुद्रातच राहत होते. त्या दिवसांत सँडीच्या वाऱ्यांचा जो नकाशा नासाने प्रसिद्ध केला, तो भारताच्या ओशनसॅट-2 वरच्या उपकरणाने टिपलेला होता. न्यूयॉर्कवर आलेले संकट मोजायला श्रीहरिकोटाहून उडालेला उपग्रह कामी आला, ही गोष्ट आपल्याकडे जेवढी सांगितली जायला हवी तेवढी सांगितली गेली नाही.

याच उपग्रहांवर आणखी पाहुणे असतात. फ्रान्सची आर्गोस यंत्रणा 1978 पासून अमेरिकी उपग्रहांवरून समुद्रातल्या तरंगत्या मापकांचे आणि खुणा बांधलेल्या प्राण्यांचे संदेश टिपते. भारताच्या सरल आणि ओशनसॅट-3 वरही ती बसवली आहे. कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या पाठीवर 2022 पासून जे ट्रान्समीटर बसवले गेले, त्यांचा ठावठिकाणा याच यंत्रणेतून कळला. वेळासची 'प्रथमा' आपल्याला आठवत असेल. गुहागरची 'बागेश्री' श्रीलंकेपर्यंत पोहोचल्याचेही असेच समजले. कॅनडा आणि फ्रान्सची बचाव-उपकरणेही नोआच्या उपग्रहांवर होती. कॉस्पास-सारसॅट या योजनेत सोव्हिएत संघ आणि अमेरिका 1979 पासून एकत्र होते. सप्टेंबर 1982 मध्ये कॅनडाच्या जंगलात पडलेल्या छोट्या विमानाची हाक पहिल्यांदा ऐकली ती सोव्हिएत उपग्रहाने, आणि तिघे वाचले. आजवर जगभरात पन्नास हजारांहून अधिक जीव या योजनेने वाचवले. भारतातली तिची केंद्रे बेंगळुरू आणि लखनौला आहेत.

हे टिकेलच असे मात्र गृहीत धरू नये. अमेरिकेने 1994 मध्ये लष्करी आणि नागरी ध्रुवीय उपग्रह एकत्र करायचे ठरवले. खर्च हाताबाहेर गेला आणि 2010 मध्ये तो प्रकल्प गुंडाळावा लागला. पुढची पिढी उभी राहीपर्यंत दुपारच्या वेळेत खंड पडेल, ही धास्ती अनेक वर्षे होती. पहाटेची वेळ नागरी कामासाठी बराच काळ रिकामी होती. जुलै 2021 मध्ये चीनने फेंगयुन-3ई सोडून ती भरली. ऑगस्ट 2025 मध्ये युरोपच्या दुसऱ्या पिढीचा पहिला मेटॉप गेला, आणि त्याच महिन्यात नोआ-15 व नोआ-19 ही जुनी जोडी निवृत्त झाली. आकड्यांची देवाणघेवाण मोकळी ठेवण्याचे ठराव जागतिक हवामान संघटनेने 1995 आणि 2021 मध्ये केले. पण ठरावाला सक्तीची धार नसते. एखाद्या राजधानीत अंदाजपत्रकाला कात्री लागली, की तिचा फटका दुसऱ्या खंडातल्या शेतकऱ्याला बसतो.

म्हणून भारताबद्दल माझे मत स्पष्ट आहे. समुद्रावरच्या वाऱ्यांच्या मोजणीत आपण जगाला भरघोस दिले आहे. पण ध्रुवीय कक्षेतून तापमान आणि बाष्पाचे उभे छेद घेण्यात आपण अजून मुख्यतः इतरांच्या आकड्यांवर चालतो. मोसमी पावसावर ज्या देशाचे पोट अवलंबून आहे, त्याने या वेळापत्रकात स्वतःची एक वेळ कायमची उचलायला हवी, आणि तिचे आकडे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुले करायला हवेत. उपग्रह बांधण्याचे आणि सोडण्याचे कौशल्य आपल्याकडे आहे. आता मागणी लोकांकडून यायला हवी, आणि ती वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधींसमोर आवर्जून मांडावी.