पार्लरमधले गेम, आता संग्रहात

पार्लर : १९९०च्या दशकात साकीनाक्यासह मुंबईच्या उपनगरांत, नाणं टाकून खेळ.

फायटिंग गेम : दोघांची समोरासमोर लढत. ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) : प्रत्येकी एक जॉयस्टिक, सहा बटणं.

बीट-एम-अप : गुंडांच्या टोळ्यांना लोळवत पुढे जायचं, मित्रासोबत जोडीनेही.

‘मुस्तफा’ : पार्लरमधलं नाव; मूळ नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ (कॅपकॉम कंपनी, १९९३), कॉमिकवर आधारित बीट-एम-अप. कॅपकॉमच्या २०१८च्या बीट-एम-अप संग्रहातील ७ गेममध्ये नाही.

प्रमुख संग्रह :
- स्ट्रीट फायटर ३०वा वर्धापन संग्रह (२०१८) : १२ गेम, ऑनलाइन लढत फक्त ४ गेममध्ये
- कॅपकॉम फायटिंग कलेक्शन (२०२२) : १० गेम

फरक : संग्रहात मूळ गेमच चालतो, रीमेकमध्ये तो नव्याने बनवतात.

संग्रहांतल्या नव्या सोयी : खेळ मध्येच सेव्ह करणं, सराव करणं.