चेंडूचा ताळेबंद

दिवाळीच्या सुट्टीत नऊ वर्षांची नात राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आजोबा, तुम्ही गोष्टी लिहिता ना, मग मला एक गेम बनवून द्या." साठीनंतर माणसाने नाही म्हणायला शिकावे म्हणतात, मला ते अजून साधलेले नाही. तिनेच संगणकावर 'स्क्रॅच' उघडून दिले. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली मुलांसाठी खुली केलेली ही मोफत सोय. तीत आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. 'सतत करा', 'जर अमुक, तर तमुक' असे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडत जायचे.

मी सर्वांत सोपा खेळ निवडला. पडद्याच्या तळाशी एक फळी, वर उसळणारा चेंडू. फळीने चेंडू परतवला की एक गुण, चेंडू खाली पडला की खेळ खलास. याचा मूळपुरुष 'पाँग'. १९७२ साली कॅलिफोर्नियात अटारी कंपनीत नव्याने आलेल्या अ‍ॅलन अल्कॉर्न या इंजिनिअरला नोलन बुशनेल यांनी निव्वळ हात बसावा म्हणून तो करायला दिला होता. म्हणजे मुळात हा नवशिक्याचा गृहपाठच! म्हटले, आपल्याला झेपेल.

दोन संध्याकाळी खपल्यावर चेंडू हलला. पहिली कथा छापून आली होती, त्या दिवसाची आठवण झाली. पण चेंडू फळीला टेकला मात्र, आणि तिथेच थरथरत राहिला. गुण एकदम सात! एकच व्हाउचर सात वेळा लेजरला पोस्ट व्हावे तसा प्रकार. अर्धी रात्र गेली, तेव्हा उलगडा झाला. 'सतत करा' हा ठोकळा सेकंदाला सुमारे तीस वेळा विचारतो, चेंडू फळीला टेकला आहे काय? आपल्या डोळ्यांना जो एक स्पर्श, तो संगणकाच्या हिशेबी सात. टेकताक्षणी चेंडू फळीच्या जरा वर उचलून ठेवला, तेव्हा कुठे हिशेब जुळला. नवा डाव तेवीस गुणांनी सुरू व्हायचा, ते मात्र लगेच ध्यानात आले. कालची शिल्लक आज पुढे ओढली जात होती. आरंभी गुण शून्य करा, असे सांगितल्याशिवाय स्क्रॅच ते करत नाही.

आता खेळ चोख झाला, अशी माझी खात्री. चाळीसएक वेळा मी स्वतः खेळून पाहिला होता. मोठ्या ऐटीत सौभाग्यवतींना खुर्चीवर बसवले. त्या हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहिल्या. "दाबायचं काय?" मी तोंड उघडणार, तोच नातीने दटावले, "आजोबा, सांगायचं नाही!" त्यांनी एक-दोन बटणे दाबून पाहिली. चेंडू पडला. दुसराही पडला. चार शब्दांचे काम होते आणि ते गिळून बसायचे होते. इतका अवघड अर्धा मिनिट माझ्या वाट्याला क्वचितच आला असेल. "तुमच्या कादंबरीसारखंच आहे," त्या उठत म्हणाल्या. "सुरुवात कुठून करायची, कळत नाही." लागले मला ते. पण कादंबरी वाचणाऱ्याच्या शेजारी तरी मी कुठे बसलेला असतो?

मग नात बसली. तिने फळी मधोमध ठेवली, हात काढून घेतला आणि चकली खायला लागली. चेंडू सरळ वर, सरळ खाली. शंभर गुण, दीडशे गुण. "आजोबा, तुमच्या गेममध्ये हरताच येत नाही."

चेंडू मीच नाकासमोर सोडला होता. चाळीस वेळांत ते मला दिसले नाही, कारण खेळ कसा खेळायचा हे मला ठाऊक होते. मी इमानाने फळी हलवत होतो. व्हाउचर लिहिणाऱ्यानेच ते तपासू नये, हा नियम बँकेत हाताखालच्यांना मी किती वेळा ऐकवला असेल!

गंमत म्हणजे, 'पाँग'मध्ये याच दुखण्यावर एक दोषच औषध ठरला होता. सर्किटातल्या उणिवेमुळे त्यातली फळी पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोहोचत नसे. अल्कॉर्नने ती उणीव तशीच ठेवली, नाहीतर दोन तरबेज गडी दिवसभर खेळत बसले असते. पहिले यंत्र सनीव्हेल गावातल्या एका मद्यगृहात चाचणीला ठेवले होते. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. उघडून बघतात तो, नाण्यांचा डबा शिगोशीग भरलेला! अशी तक्रार कोणाला नको असेल?

मी प्रत्येक टोल्यागणिक चेंडूची दिशा वीस अंशांच्या आत मनमानी वळेल असे केले, दर दहा गुणांनी वेग थोडा वाढवला आणि पडद्यावर 'डावा-उजवा बाण दाबा' असे ठळक लिहिले. नात पुन्हा बसली. या खेपेला चकली बशीतच राहिली. चौदा गुणांवर चेंडू निसटला.

"आता नीट हरले," ती म्हणाली आणि लगेच हिरवा झेंडा दाबला. मी जुन्या सवयीने वहीत तारीख घातली, खाली दोन रकाने आखले, आणि तिच्या पुढच्या तक्रारीची वाट बघत बसलो.