रंगही त्यांचे, सूरही त्यांचे आणि सोंगंही!

१८ जानेवारी २०२६ रोजी पोर्तुगालमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं. उमेदवार होते अकरा. त्यांत नौदलाचे माजी प्रमुख होते, पक्षांचे पुढारी होते आणि एक गृहस्थ असेही होते, ज्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं, की मी माघार घेईन ती फक्त निवडून आलो तरच! घरोघरी नळाला वाइन आणि प्रत्येक पोर्तुगीज माणसाला एक फेरारी, ही त्यांची आश्वासनं.

या गृहस्थांचं नाव मानुएल जुआंव व्हिएरा. पेशाने चित्रकार. पण लिस्बनच्या रस्त्यावर कुणालाही विचारा, तो म्हणेल, ‘व्हिएरा? ते गाणारे ना?’ या माणसाची सारी गंमत आणि थोडीशी शोकांतिकाही या उत्तरात आहे.

त्यांचा जन्म १९६२चा, लिस्बनचा. म्हणजे आपला गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्याच वर्षी. घरात चित्रकला होतीच. वडील जुआंव व्हिएरा हे पोर्तुगालमधले नामवंत चित्रकार. अक्षरं हाच त्यांच्या चित्रांचा विषय. सालाझारच्या हुकूमशाहीत जीव घुसमटू लागला तेव्हा अनेक तरुण कलावंतांनी पॅरिस गाठलं, त्यांत जुआंवही होते. तिथे त्यांच्या गटाने १९५८मध्ये एक मासिक सुरू केलं. नाव होतं ‘के डब्ल्यू वाय’. ही तीनही अक्षरं तेव्हा पोर्तुगीज वर्णमालेत नव्हतीच! आपल्या देशात ज्यांना जागा नाही अशांचा हा गट, एवढं सारं त्या तीन अक्षरांत सांगून झालं होतं. पुढे अख्ख्या इमारती कापडात गुंडाळून जगप्रसिद्ध झालेला ख्रिस्तो याच गटातला.

असा बाप असला की मुलापुढे दोन वाटा उरतात. बापासारखं व्हायचं किंवा बापासारखं अजिबात व्हायचं नाही. मानुएलनी दोन्ही वाटा एकदम धरल्या. लिस्बनच्या कलाशाळेत रीतसर चित्रकला शिकले आणि तिथेच ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पाच मित्रांना घेऊन ‘होमिओस्टेटिक’ नावाची चळवळ उभी केली. शरीर आपला तोल आपणच सांभाळतं, त्या क्रियेचं हे शास्त्रीय नाव. सहा जण मोठमोठे कॅनव्हास रंगवायचे, जाहीरनामे लिहायचे आणि त्याच जाहीरनाम्यांत स्वतःची टिंगल करायचे. कलेच्या जगातला गंभीर चेहरा हीच त्यांची खरी शिकार होती. गंमत अशी, की २००४मध्ये पोर्तो शहरातल्या सेराल्व्हेश या मानाच्या संग्रहालयाने या टिंगलखोरांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. प्रदर्शनाचं नाव होतं ‘सहा बरोबर शून्य’. सहा कलावंत, बेरीज शून्य!

चित्रकलेच्या वर्गातूनच गाणं सुरू झालं. ‘एना पा २०००’ हा त्यांचा रॉक बँड ऐंशीच्या दशकातला. ‘एना पा’ म्हणजे आपलं ‘अरे बापरे!’. गाणी चावट, तीही चांगलीच. कुटुंबात एकत्र बसून ऐकण्यासारखी नाहीत, हे इथेच सांगितलेलं बरं. पण नुसता चावटपणा म्हणून ती बाजूला सारता येत नाहीत. १९७४च्या एप्रिलमध्ये हुकूमशाही कोसळली तेव्हा व्हिएरा अकरा-बारा वर्षांचे होते. त्याआधीची कित्येक वर्षं या देशात काय छापावं, काय गावं हे सेन्सॉर ठरवत होता. त्यानंतर वाढलेल्या पिढीने तोंडावरचा हात काढला आणि मनात येईल ते मोठ्याने म्हणून पाहिलं. आपल्या तमाशातला सोंगाड्या वगात राजालाही सोडत नाही, तसंच काहीसं.

माझ्या मते मात्र त्यांचा खरा कस लागतो तो ‘इर्मांव्श कातिता’, म्हणजे ‘छैलछबिले बंधू’ या त्यांच्या दुसऱ्या संचात. हुकूमशाहीच्या काळात रेडिओवर वाजणारी गोड, भाबडी, देशभक्तीत न्हालेली गाणी, फादो, टँगो, बोलेरो, हे सगळं ते भडक थाटात रंगमंचावर आणतात. पाहणारा हसतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येतं, की हा माणूस खरोखर छान गातोय. त्या जुन्या सुरांवर त्याचा जीव आहे. नक्कल करण्यासाठीही आधी गाणं यावं लागतं.

२००६मध्ये व्हिएरांनी लिस्बनच्या ‘आनंद चौका’तलं ‘मॅक्झिम’ हे जुनं कॅबरे चालवायला घेतलं. एकेकाळचं हे गाजलेलं ठिकाण पार उतरणीला लागलं होतं. तिथे पुन्हा गाणी झाली, नाटकं झाली, तरुण कलावंतांना मंच मिळाला. २०११मध्ये ते बंद पडलं. आज तिथे हॉटेल आहे.

आणि निवडणुका? पोर्तुगालमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला किमान साडेसात हजार मतदारांच्या सह्या लागतात. व्हिएरांनी २००१च्या निवडणुकीपासून हे सोंग चालवलं. त्या प्रचारावर ब्रुनो द आल्मेदा या दिग्दर्शकाने माहितीपटही काढला. पण सह्यांचा आकडा काही गाठता येत नव्हता. तो गाठला गेला थेट २०२६च्या निवडणुकीसाठी, साठी ओलांडल्यावर. आता मात्र विनोद छापील मतपत्रिकेवर आला. त्याच मतपत्रिकेवर कडव्या उजव्या पक्षाचे आंद्रे व्हेंतुरा होते, आणि ते दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचलेही. अशा वेळी थट्टेला दिलेलं मत वाया जातं की काही सांगून जातं? व्हिएरांना सुमारे एक टक्का मतं पडली. दुसऱ्या फेरीत आंतोनियु जुझे सेगुरु निवडून आले. नळाला वाइन काही आली नाही.

या सगळ्या गलबल्यात चित्रांचं काय झालं, हा प्रश्न उरतोच. गायकाला टाळ्या लगेच मिळतात. चित्राला कुणीतरी थांबून पाहावं लागतं. व्हिएरा खोटी नावं घेऊन, काल्पनिक कलावंत उभे करूनही काम करत आले आहेत, त्यामुळे समीक्षकांनी नेमकं कुणाला गंभीरपणे घ्यायचं हाही घोळच. याची किंमत चित्रकाराने मोजली, असं मला वाटतं. वडिलांचं नाव घेतलं की पोर्तुगालला कॅनव्हासवरची अक्षरं आठवतात. मुलाचं नाव घेतलं की आधी हसू फुटतं, मग एखादं गाणं ओठांवर येतं आणि चित्रांचा विषय निघतो तो त्यानंतर.