घशाला विश्रांती नको

पाण्याचा घोट घेताना कंठमण्यावर बोट ठेवून पाहा. तो चटकन वर सरकतो आणि लगेच खाली येतो. जेमतेम सेकंदभराच्या या अवधीत स्वरयंत्र वर-पुढे उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. तिसाहून अधिक स्नायू या कामाला लागलेले असतात. त्यांची वेळ जराशी चुकली तरी घास श्वासनलिकेकडे वळतो.

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्यांची नेमकी हीच वेळ बिघडते. शस्त्रक्रियेत जिभेचा भाग गेला, की घास मागे ढकलायला जोर उरत नाही. किरणोपचार बहुधा सहा-सात आठवडे चालतात. त्यात तोंड सोलवटतं, लाळ आटते आणि पुढे स्नायू ताठर होत जातात. काहींना तर उपचारांनंतर कित्येक वर्षांनी गिळायचा त्रास सुरू होतो. आपल्याकडे गुटखा-सुपारीमुळे अनेकांचा जबडा आधीच आखडलेला असतो, ती भर वेगळीच.

घसा इतका दुखत असताना ‘नाकातल्या नळीनं पोट भरतंय ना, मग राहू दे थोडे दिवस’ असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. नळी अनेकदा लागतेच. पण त्या काळात गिळणं पूर्ण थांबलं, तर स्नायू आणखी दुबळे होतात. अमेरिकेत ५८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, किरणोपचार चालू असतानाच गिळण्याचे व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू कमी खालावल्याचं दिसलं.

हे व्यायाम दिसायला साधे असतात. एकात जिभेचं टोक दातांमध्ये हलकेच धरून आवंढा गिळायचा. त्यानं घशाच्या मागच्या भिंतीला जोर लावावा लागतो. दुसऱ्यात कंठमणी वर गेला, की दोन-तीन सेकंद तिथेच धरून ठेवायचा. तिसरं तंत्र खाताना वापरायचं: श्वास रोखून गिळायचं, लगेच खोकायचं आणि पुन्हा गिळायचं. वाट चुकलेला कण त्यानं बाहेर पडतो.

यातलं कोणाला काय लागू, हे मात्र अंदाजानं ठरत नाही. ‘वर पाणी पी, उतरेल घास’ हा सल्ला एकाला उपयोगी, तर दुसऱ्याला घातक ठरतो. पाणी झरकन घसरतं आणि श्वासनलिका मिटायच्या आत तिथे पोचतं. त्यातून काहींना ठसकाच लागत नाही. अन्न मुकाट फुफ्फुसात उतरतं आणि कळतं ते न्यूमोनिया झाल्यावर. म्हणून बेरियम मिसळलेले पातळ-दाट पदार्थ गिळायला देऊन क्ष-किरणांनी चित्रफीत घेतात. अमेरिकी तज्ज्ञ जेरी लोगमन यांनी ही तपासणी रूढ केली. नाकातून दुर्बीण घालूनही गिळणं पाहता येतं.

हे काम स्पीच थेरपिस्टचं. तोतऱ्या मुलांसाठी असतात ते, एवढीच आपली त्यांच्याविषयीची समजूत. त्यामुळे रुग्ण त्यांच्याकडे पोचतो तोवर घसा आखडलेला असतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लगेच चालायला लावतात, हे आता सगळ्यांना पटलं आहे. घशाच्या बाबतीत याहून आधी, म्हणजे उपचारांची तारीख ठरतानाच, डॉक्टरांना विचारायला हवं: गिळण्याचे व्यायाम कधीपासून सुरू करायचे?